स्लिम डेस्कटॉपमध्ये बसेल असं बुटकं ग्राफिक्स कार्ड कोणतं? पेन्टियम ४, विंडोज ९८ आणि नागपूरचा मे महिना

जुनी_पेटी (नागपूर), ९ एप्रिल

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण माझ्याकडून लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

मागच्या महिन्यात वाडीच्या एका भंगारवाल्याकडून स्लिम डेस्कटॉप उचलला. कुठल्या तरी ऑफिसच्या लिलावातला माल. पाठीवर मालमत्ता क्रमांकाचं स्टिकर अजून आहे, मी ते मुद्दाम काढलं नाही. भाऊ वजनावर देत होता, शेवटी साडेसहाशेला पटला. आत पेन्टियम ४, २.८ गिगाहर्ट्झ, इंटेलचा ८६५जी चिपसेट, २५६ एमबीच्या दोन डीडीआर रॅम आणि ८० जीबीची आयडीई हार्डडिस्क. डिस्क चालू निघाली, फक्त सुरू होताना जात्यासारखी घरघरते. पॉवर सप्लाय १६० वॅटचा. पेटी इतकी बारकी की आडवी ठेवली तर उंची चार बोटांहून थोडीशीच जास्त.

कशाला घेतली ते सांगतो. २००१ साली मी अकरावीत होतो आणि प्रतापनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायबर कॅफे होता. तासाला २० रुपये. माझ्याकडे २० रुपये आठवड्यातून एकदा असायचे, त्यामुळे उरलेले सहा दिवस मी मागच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून दुसऱ्याचा गेम पाहायचो आणि फुकटचे सल्ले द्यायचो. 'डावीकडे पाय बे, डावीकडे, टॉवरवर एक उभा आहे.' मित्रमंडळींत माझं नावच 'गाइड' पडलं होतं. आता नोकरी आहे, घर आहे, हप्ते आहेत, आणि आयजीआय या गोळीबाराच्या गेमचं पहिलंच मिशन, ते रेल्वे यार्डाचं, मी आजतागायत स्वतःच्या हातानं पूर्ण केलेलं नाही. बाकी गेमची यादी अशी: रोड रॅश, एनएफएस (नीड फॉर स्पीड) टू एसई, मोटोक्रॉस मॅडनेस, मिडटाउन मॅडनेस, एज ऑफ एम्पायर्स टू. नव्या लॅपटॉपवर हे सगळं या ना त्या जुगाडानं चालतं, मला ठाऊक आहे. मला ते तसं नको आहे. मला विंडोज ९८ सुरू होतानाचा तो आवाज पाहिजे.

विंडोज ९८ सेकंड एडिशन टाकून झालं. बोर्डावरच्याच इंटेल ग्राफिक्सवर रोड रॅश पळतो, एज ऑफ एम्पायर्स पळतो. आयजीआय मात्र १०२४ बाय ७६८ ला अडखळतो. दुर्बीण डोळ्याला लावून लांबच्या टेकडीकडे पाहिलं की चित्र थांबतं, पुढे सरकतं, परत थांबतं, आणि तेवढ्यात मागून गोळी बसते. या गेमला मिशनच्या मधात सेव्ह नाही, म्हणजे परत पहिल्यापासून.

मदरबोर्डावर ग्राफिक्स कार्डासाठीचा एक तपकिरी एजीपी स्लॉट मोकळा आहे, पण मागची फट बुटकी. नेहमीचं उंच कार्ड बसणार नाही. बर्डीवर एका दुकानात जीफोर्स एफएक्स ५२०० दिसलं, कार्ड स्वतः बुटकं आहे पण त्याला पेटीच्या मागच्या फटीत बसणारा पत्रा उंचवाला लावलेला, सांगतो ६००. ऑनलाइन एक जीफोर्स ६२००, ५१२ एमबीचं, १८०० ला आहे. रेडियन ९२५० सुद्धा कोणीतरी विकतोय. दुकानदार म्हणतो ज्याची मेमरी जास्त ते घ्या. यातलं काय घेऊ?

आणि एक. हॉलमध्ये मेमध्ये कूलर लावूनही ३५–३६ असतं. असल्या डबीत कार्ड जगेल का?

तर्री_एक्स्ट्रा (नागपूर), ९ एप्रिल

दादा सरळ जीटी १०३० घ्या. लो प्रोफाइल म्हणजे बुटकंच आहे, दोन्ही पत्रे डब्यात मिळतात, वेगळी पॉवर केबल लागत नाही. माझ्या भावाच्या स्लिम पीसीत टाकलं, मस्त चालतं. २००१ चे गेम तर झोपेत चालवेल.

एजीपी_आठएक्स (पुणे), ९ एप्रिल

तर्री, भावाच्या पीसीत नवा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट आहे, यांच्याकडे जुना एजीपी आहे. कार्ड आतच जाणार नाही. आणि गेलं असतं तरी १०३० हे २०१७ चं कार्ड, त्याला विंडोज ९८ सोडा, एक्सपीचासुद्धा ड्रायव्हर नाही. ज्यांच्याकडे खरंच पीसीआय एक्सप्रेसची स्लिम पेटी आहे त्यांनी हे वाचत असाल तर एवढं पाहा: १०३० दोन प्रकारचं येतं. नाव तेच, डबा जवळजवळ तोच. जीडीडीआर५ वालं घ्या. २०१८ मध्ये डीडीआर४ वालं आलं, त्यात मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ जीबीच्याही खाली आला. दुकानदार हा फरक आपणहून सांगत नाहीत.

आता पेटीवाले. तुमच्या यादीकडे पाहून पहिली गोष्ट सांगतो, ती दुकानदार सांगणार नाही. यातले निम्मे गेम ग्राफिक्स कार्डाकडे ढुंकूनही बघत नाहीत. रोड रॅश सगळं प्रोसेसरवर काढतो. एज ऑफ एम्पायर्स टू द्विमिती आहे. एनएफएस टू एसईला थ्रीडी वेग हवा असेल तर त्याला फक्त थ्रीडीएफएक्स कंपनीच्या कार्डांची ग्लाइड ही भाषा कळते, एनव्हिडियाचं कितीही भारी कार्ड लावा, तो त्याला ओळख दाखवणार नाही. उरले मोटोक्रॉस, मिडटाउन आणि आयजीआय. ते १९९८, १९९९ आणि २००० चे. म्हणजे तुम्हाला २००० सालापर्यंतचं डायरेक्टएक्स ७ (विंडोजमध्ये गेम ज्यातून कार्डाशी बोलतात ते) नीट हाकणारं कार्ड हवंय, बस्स. इंटेलच्या त्या बोर्डावरच्या ग्राफिक्समध्ये हार्डवेअर टीअँडएल नाही, भूमितीचं सगळं गणित प्रोसेसरच्या डोक्यावर, आणि चित्रासाठी मेमरीही मुख्य रॅममधूनच उसनी. म्हणून टेकडी दिसली की दम लागतो.

६२०० हे तिघांत सगळ्यात नवं. एनव्हिडियाचा विंडोज ९८ साठीचा शेवटचा अधिकृत ड्रायव्हर ८१.९८, त्यात ते चालतं. पण जीफोर्स ६ पासून एनव्हिडियानं ८ बिटचे पॅलेट टेक्स्चर, म्हणजे ठरावीक २५६ रंगांत रंगवलेले पृष्ठभाग, काढून टाकले. ९७–९८ च्या काही गेममध्ये त्यामुळे रंग किंवा पृष्ठभाग चुकीचे दिसतात. ५१२ एमबीचं तर आकर्षण सोडाच. विंडोज ९८ ला जास्त मेमरीचा मुळातच त्रास आहे, मुख्य रॅमसुद्धा ५१२ च्या वर नेऊ नका, नाहीतर सिस्टिम डॉट आयएनआय फाइलमध्ये व्हीकॅशला (डिस्कसाठी वापरल्या जाणाऱ्या रॅमला) मर्यादा घालत बसावं लागेल. बर्डीवाला 'जास्त मेमरी' म्हणतो ते त्या चिपच्या बाबतीत निव्वळ सजावट आहे, ६४ बिटच्या अरुंद रस्त्यावर ५१२ एमबीचं गोदाम.

रेडियन ९२५० वाईट नाही. ते बनवणाऱ्या एटीआयचा ९८ साठीचा शेवटचा ड्रायव्हर कॅटलिस्ट ६.२. पण जुन्या गेममधल्या धुक्याची रेडियनवर बोंब असते, हा माझा अनुभव. मी वापरून विकून टाकलं.

एफएक्स ५२०० चालेल. फक्त मेमरीच्या चिपा मोजा. लांबट, दोन्ही बाजूंना पाय असलेल्या चिपा चार असतील तर बहुधा ६४ बिट, पुढे-मागे मिळून आठ असतील तर १२८. वेग सरळ निम्मा-दुप्पट होतो, ३.२ की ६.४ जीबी सेकंदाला. बुटक्या कार्डांत चारवालीच जास्त सापडतात, कारण जागाच नसते. डायरेक्टएक्स ९ चं लेबल त्यावर आहे, पण त्या लेबलाच्या जोरावर त्या काळचे खरे डायरेक्टएक्स ९ गेम ते कधीच नीट चालवू शकलं नाही.

माझं मत मागाल तर जीफोर्स ४ एमएक्स ४४०. नाव ४, पण आतून घराणं जीफोर्स २ चं, पिक्सल शेडर (प्रत्येक ठिपक्याचा रंग प्रोग्रामनं ठरवायची सोय) नाही. तेव्हा त्यावरून एनव्हिडियाला पुष्कळ शिव्या बसल्या. पण तुमच्या यादीसाठी नेमकं तेच पुरेसं आहे, जुन्या गेममध्ये ते ६४ बिटच्या ५२०० ला मागे टाकतं, आणि पॅलेट टेक्स्चर शाबूत. ऑफिसच्या स्लिम पेट्यांसाठी ते बुटक्या आकारात निघालेलं आहे. मिळायला वेळ लागेल.

कार्ड घेताना खालच्या सोनेरी दातांमधली खाच बघा. ८६५ चा बोर्ड १.५ व्होल्ट आणि त्याखालचाच एजीपी चालवतो. ज्या कार्डाची एकुलती खाच मागच्या पत्र्याच्या जवळ आहे ते ३.३ व्होल्टवालं जुनं कार्ड, ते बसणार नाही, बसवूही नका. काही स्वस्त जुन्या कार्डांना दोन्ही खाचा कापलेल्या असतात आणि आतून मात्र ती ३.३ चीच असतात. ती बोर्ड जाळतात. कोणी भावनेच्या भरात थ्रीडीएफएक्सचं वूडू ३ सुचवेल तर तेही ३.३ चंच.

सोल्डर_काका (नागपूर), १० एप्रिल

पुण्याच्या भाऊनं बरोबर सांगतलं, फक्त एक राह्यलं. मी बर्डीवर चोवीस वर्षं मॉनिटर आणि मदरबोर्ड रिपेअर केले. आता घरीच करतो, डोळे साथ देत नाहीत तं भिंग लावून. मले सांगा, पेटी उघडून कपॅसिटर पाह्यले का? २००० ते २००६ च्या मधातले बोर्ड आहेत न, त्यायचे कपॅसिटर फुगतात. जगभर झालं ते, कोण्या एका कंपनीचं नाही. प्रोसेसरच्या बाजूले जे उभे डबे राह्यतात त्यायच्या डोक्यावर फुलीचा कट असते. डोकं सपाट पाहिजे. वर आलं, नाही तं तपकिरी काही पाझरलं, तं तो गेला. कार्ड लावायच्या आधी ते बदला. नाही तं कार्ड लावाल, मशीन हँग होईल, आणि तुम्ही कार्डाले शिव्या देत बसाल. असे लय गिऱ्हाईक पाह्यले मी.

दुसरं गर्मीचं. लोक म्हणतात बिनापंख्याचं कार्ड घ्या, आवाज नाही. पुण्यात घ्या. बिनापंख्याचं कार्ड थंड नसते भाऊ, ते गुपचूप तापते. बुटक्या कार्डाची जाळीही बुटकी, बाजूले १६० वॅटचा सप्लाय, त्याची गरम हवा तिथंच. डिसेंबरात चालते मस्त. नवतपा, मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागला का पडद्यावर रंगीत ठिपके सुरू. मंग लोक येतात, 'काका व्हायरस आला'.

म्हणून मी तं म्हणतो, कार्ड निवडताना ताकद मागून पाहा, पह्यले ते तापते किती ते पाहा. एमएक्स ४४० बरं. जुनी जाळी काढा, मधातला सुकलेला पेस्ट खरवडा, नवा लावा. ४० मिलिमीटरचा पंखा स्क्रूनं नाही बसला तं जाळीच्या फटीत तारेनं बांधा. त्याले १२ व्होल्ट नका देऊ, किंचाळते. हार्डडिस्कच्या चार पिनच्या प्लगमधून लाल आणि काळी घ्या, ५ व्होल्ट. हळू फिरते, आवाज नाही, आणि तेवढी हवा पुरते. पेटी आडवीच ठेवा. उभी केली तं कार्ड आडवं होते आणि गरम हवा जाळीखाली कोंडते. आणि कूलरच्या समोर नका ठेवू. आपल्याकडे लोक कॉम्प्युटरले गार हवा लागते म्हणून कूलरसमोर टेबल लावतात. ते गार नाही, ओलं असते. पत्रा गंजते, स्लॉटच्या पिना काळ्या पडतात.

माझ्या ड्रॉवरमधी एक एमएक्स ४४० बुटकं आहे, ६४ एमबी. पत्रा नाही त्याचा, हरवला. ३०० द्या आणि घेऊन जा. पण पह्यले कपॅसिटर पाहून सांगा.

जुनी_पेटी, १२ एप्रिल

काका, रात्री जेवण झाल्यावर उघडली. तीन फुगलेत. प्रोसेसरच्या शेजारचे, ६.३ व्होल्ट १५०० मायक्रोफॅरड असं लिहिलंय. एकाच्या डोक्यावर चहाचा थेंब वाळल्यासारखा डाग आहे. बायको म्हणाली, 'भंगारातलं आणलं तं भंगारच निघणार न.' मी काही बोललो नाही.

एजीपीभाऊ, निम्मे गेम कार्डाकडे बघतच नाहीत हे वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण एनएफएससाठी मी सगळ्यात जास्त उत्साहात होतो. असो. खाच पाहिली, माझ्या स्लॉटची आडकाठी पत्र्यापासून लांबच्या बाजूला आहे. म्हणजे १.५ व्होल्टचाच ना?

काका, रविवारी येऊ का? आणि त्या पत्र्याचं काय करायचं? पत्र्याशिवाय कार्ड नुसतं स्लॉटमध्ये उभं ठेवलं तर चालेल?

एजीपी_आठएक्स (पुणे), १२ एप्रिल

बरोबर, १.५ चाच.

पत्र्याशिवाय चालेल, पण मॉनिटरची केबल लावताना किंवा ओढताना सगळा जोर स्लॉटवर येतो. एजीपी कार्ड मागून किंचित जरी उचललं गेलं तरी चित्र जातं, आणि चालू मशीनवर तसं झालं तर कार्ड जाऊ शकतं. पत्रा करून घ्या. बुटक्या पत्र्याची उंची साधारण ७९ मिलिमीटर, उंचवाल्याची १२०. कार्डाची स्वतःची उंची ६४ च्या आसपास. उंचवाला पत्रा सापडला तर तो वरून कापून पुन्हा काटकोनात वाकवता येतो, पण व्हीजीएचं भोक योग्य जागी येतं का ते कापायच्या आधी धरून बघा. बऱ्याच बुटक्या कार्डांना व्हीजीए पट्टीच्या केबलनं वेगळा असतो आणि तो शेजारच्या फटीत लागतो, तसं असेल तर गणित बदलतं.

ड्रायव्हरचा क्रम: आधी इंटेल चिपसेटची आयएनएफ (विंडोजला बोर्डाची ओळख करून देणारी फाइल), रीस्टार्ट. मग इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून साधा व्हीजीए करा, मशीन बंद करा, कार्ड लावा. कार्ड दिसलं की ८६५जी स्वतःचं ग्राफिक्स आपोआप बाजूला ठेवतो. त्यानंतर एनव्हिडियाचा. ८१.९८ नको. एमएक्सला जुना ४५.२३ टाका. डायरेक्टएक्स गेमच्या सीडीतलं टाकू नका, एकदाच ९.०सी टाकून मोकळे व्हा.

संत्रा_गोळी (अमरावती), १३ एप्रिल

मधातच घुसतो, माफ करा. पत्र्याच्या भानगडीत पडायच्या आधी सगळ्यांनी आपापली पेटी उघडून पाहा. काही स्लिम मॉडेलमध्ये स्लॉट सरळ बोर्डावर नसतात, मधात एक उभी पट्टी असते आणि कार्ड त्यात आडवं बसतं. तिथे उंच कार्डच लागतं! मी बुटकं शोधत दोन महिने घालवले आणि पेटीला नेहमीचं चालत होतं.

दुसरी ठेच: ऑफिसातून निघालेली एनव्हिडियाची क्वाड्रो एनव्हीएस कार्डं स्वस्तात मिळतात, बुटकी असतात, छान दिसतात. मागे एक रुंद, बारीक भोकांचं तोंड असतं, डीव्हीआयसारखं वाटतं. ते डीव्हीआय नाही, डीएमएस ५९ आहे, ५९ भोकांचं. त्याची दुहेरी केबल सोबत नसेल तर कार्ड पेपरवेट. माझ्याकडे असे दोन पेपरवेट आहेत, टेबलावरचे कागद उडत नाहीत.

जुनी_पेटी, २८ मे

उशिरा लिहितोय, पण सगळं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

रविवारी काकांकडे गेलो. महालातलं जुनं घर, पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, भिंग आणि सोल्डरिंगची गन. मी पेटी पिशवीत घालून स्कूटीवर नेली होती. काकांनी तीनच नाही, त्या रांगेतले सहाही कपॅसिटर बदलले. म्हणाले, 'भाऊबंदच आहेत, उरलेले पुढच्या महिन्यात मरतील.' वर तर्री पोहे खाऊ घातले आणि हातमजुरीचे पैसे घेतले नाहीत, फक्त मालाचे नव्वद. (काका, इथे लिहिलं म्हणून रागावू नका.)

पत्र्याची गोष्ट सांगायलाच पाहिजे. बर्डीभर फिरलो, सुटा बुटका पत्रा कोणाकडे नाही. एकानं तर 'पत्रा' म्हटल्यावर मला हार्डवेअरच्या दुकानाकडे बोट दाखवलं. घरी परत येताना चौकातला कूलरवाला दिसला. आमच्याकडे एप्रिल लागला की फुटपाथवर जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्यांचा ठोकण्याचा आवाज सुरू होतो, तसाच. त्याला म्हटलं, भाऊ, ७९ मिलिमीटरचा एक तुकडा, वरून काटकोन, मधात एक भोक. त्यानं कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, 'हे कोणत्या कूलरचं आहे?' समजावून सांगितल्यावर पहिला तुकडा कापला. भोक दोन मिलिमीटर खाली आलं. दुसऱ्यांदा त्यानं व्हीजीएचं तोंड कागदावर दाबून छाप घेतला, तो पत्र्यावर चिकटवला आणि कानसीनं घासत बसला. मागे चार जण कूलरच्या जाळ्या घेऊन उभे. पन्नास रुपये घेतले आणि म्हणाला, 'पुढच्या वेळी थंडीत या.'

पत्रा असा बसलाय की कंपनीचा नाही हे सांगितल्याशिवाय कळत नाही. टीव्ही-आउटचं गोल भोक मी पाडलंच नाही, वापरणार कोण.

ड्रायव्हर सांगितलेल्या क्रमानं टाकले. एकदा चुकलो, इंटेलचा न काढताच कार्ड लावलं, तर सुरू होताना सोळा रंगांत अडकला. सेफ मोडमध्ये जाऊन दोन्ही काढले, परत पहिल्यापासून, मग झालं. आयजीआय १०२४ बाय ७६८ ला पाण्यासारखा. दुर्बीण लावून टेकडी पाहिली, मुद्दाम दोन मिनिटं पाहत राहिलो, कुठेही अडखळ नाही. मोटोक्रॉसमध्ये उंच टेकाडावरून उडी मारल्यावर खालचं मैदान सगळं एकदम दिसतं, तिथे आधी मरायचा, आता नाही. रोड रॅश होता तसाच आहे, एजीपीभाऊ बरोबर होते. एनएफएस टू एसई कार्डाशिवायच्या चित्रात खेळतो. पोरगी म्हणते गाड्या ठोकळ्यासारख्या दिसतात. म्हटलं, तेव्हा आम्हाला त्या तशा दिसत नव्हत्या.

गर्मीचं. पंखा तारेनं बांधला, लाल-काळीवर, ५ व्होल्ट. अडचण अशी की या कार्डाला तापमान सांगणारा सेन्सरच नाही, सॉफ्टवेअर काहीच दाखवत नाही. तर्रीनं मला वेगळं विचारलं होतं की मग कळतं कसं. कळतं बोटानं. तासभर आयजीआय खेळून, बंद करून, प्लग काढून, झाकण उघडून जाळीवर बोट टेकवलं. तीन सेकंद आरामात टेकतं. काल दुपारी बाहेर ४५ होतं, हॉलमध्ये ३६, तेव्हाही टेकलं. पंखा काढून पाहिलं, एकच दिवस, कळावं म्हणून. चाळीस मिनिटांत डाव्या कोपऱ्यात हिरवे ठिपके आले आणि बोट टेकवताच उचलावं लागलं. तसाही सेन्सरवर माझा विश्वास थोडा कमीच. ३० मे २०२४ ला नागपूरच्याच एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवलं होतं, देशभर बातमी, नंतर निघाला सेन्सरचा दोष. आम्ही मात्र त्या दिवशी ५६ समजून पंख्याखाली दुपारभर निपचित पडलो होतो.

पेटी आता कूलरच्या बाजूच्या भिंतीला, आडवी, वाऱ्याच्या वाटेत नाही.

तर्री_एक्स्ट्रा, २८ मे

दादा भारी. पण ६२०० घेतलं असतं तर अजून फास्ट नसतं झालं का?

एजीपी_आठएक्स (पुणे), २८ मे

आकडा मोठा आला असता. त्यांचा मॉनिटर १०२४ चा आहे आणि गेम २००० चा. आधीच सगळं गुळगुळीत आहे त्याच्यापुढे ते जाणार कुठे. २००३–०४ चे गेम, व्हाइस सिटीच्या पुढचे, खेळायचे असतील तर ६२०० आणि विंडोज एक्सपी, ती वेगळी पेटी.

आणि पहिलं मिशन?

जुनी_पेटी, २९ मे

यार्डात गाड्यांपर्यंत पोचलो दोनदा. काल टॉवरवरचा दिसलाच नाही. मागे स्टुलावर पोरगी बसली होती, ती ओरडली पण मी उजवीकडे पाहिलं.

सोल्डर_काका (नागपूर), २९ मे

नाही रागावलो. पत्रा कोणता वापरला त्यानं, जीआय का अॅल्युमिनियम? माझ्या ड्रॉवरमधी अजून दोन कार्डं बिनापत्र्याची पडून आहेत.

जुनी_पेटी, २९ मे

जीआय, २२ गेज. छापाचा कागद मी जपून ठेवलाय, तोच नेऊ. पण पाऊस पडल्यावर, काका. आत्ता त्याच्याकडे गेलो तर त्याच्या गिऱ्हाइकांचा मार खाऊ.